समोरच्या पक्षाचे दफ्तर

अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांत भागानगर म्हणजे निजामाचा दरबार. तिथे आपला वकील ठेवायचा, तिथल्या हालचालींवर नजर ठेवायची, चौथाईच्या बाकीचा तगादा तिथे लावायचा. माझा जन्म त्याच भागानगरातला, म्हणजे हैदराबादचा. घर अंबरपेठेत, मुसी नदीच्या उत्तर काठावर. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी. शिवाजी महाराजांच्या आणि पेशव्यांच्या गोष्टी मी आजीकडून नांदेडकडच्या मराठीत ऐकल्या, आणि त्या गोष्टींत निजाम हा हरण्यासाठीच आलेला असे. बाहेर मात्र निजामाने बांधलेले दवाखाने, तलाव आणि विद्यापीठ यांवर सगळे शहर चालत होते. पुढे उस्मानिया विद्यापीठात इतिहास हा विषय घेतला, तेव्हा हळूहळू उमगले की मराठ्यांचा निम्मा इतिहास त्यांच्या प्रतिपक्षाने लिहून ठेवला आहे, आणि त्यातला फार मोठा हिस्सा आमच्या घरापासून फार दूर नाही, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात गठ्ठ्यांत बांधलेला आहे.

या पुस्तकातले लेख त्या उमगण्यातून झाले. पुस्तकाचा विषय मराठ्यांचा किंवा निजामाचा सलग इतिहास हा नव्हे. आपल्या माणसांचा इतिहास समोरच्या पक्षाच्या कागदांत वाचायला लागलो की काय होते, हा त्याचा विषय. मला विचाराल तर दख्खनचा इतिहास शिकण्याचा दुसरा धड मार्गच नाही. एकट्या मराठी कागदांवरून किंवा एकट्या फारसी कागदांवरून लिहिलेला दख्खनचा इतिहास मला अपुरा वाटतो, लेखक कितीही मोठा असला तरी.

आधी मुक्कामाविषयी. काचीगुड्यापासून नल्लाकुंटा, अंबरपेठेपर्यंत मराठी घरे आजही सापडतात. मनमाड–सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि मराठवाड्याला राजधानीची वाट सोपी झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचे हायकोर्ट तेव्हा इथे, सचिवालय इथे, विद्यापीठ इथे. वकिली करायला, नोकरी शोधायला, शिकायला माणसे आली. १९०७ मध्ये इथे विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारखी माणसे मराठी समाजाच्या पुढे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या झाल्या. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि बरेच मराठी सरकारी नोकर त्याच्याबरोबर गेले. आमच्या घरासारखी काही कुटुंबे इथेच राहिली. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या लेखी आम्ही हैदराबादचे आणि शेजाऱ्यांच्या लेखी महाराष्ट्राचे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला ही जागा अडचणीची खरी, पण इथून दोन्हीकडची दारे दिसतात.

आता खर्ड्याकडे येते, कारण माझा अभ्यास तिथून सुरू झाला.

११ मार्च १७९५ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याजवळ पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एकत्र आले आणि निजाम अली खानाचा पराभव झाला. रात्री निजामाच्या छावणीत घबराट उडाली, तो खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात शिरला आणि थोड्याच दिवसांत तह मागू लागला. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख, तीन कोटींच्या घरातली खंडणी, आणि शिवाय त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुणेकरांच्या स्वाधीन. मराठी वाचकाला खर्डा ठाऊक असतो तो इथपर्यंत. सगळे सरदार एका निशाणाखाली लढले ती ही शेवटची मोठी लढाई, म्हणून तिच्याविषयी एक हळवा अभिमानही असतो. तो मलाही आहे.

त्या वर्षातले एखादे मोडी पत्र पाहा. लेखकाने आधी कागदभर आडवी रेघ ओढली आहे आणि मग तिला लटकवत, बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत तो गेला आहे. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्ह नाही. सगळी ओळ एका दमात जाते. तारीख लिहिताना पुण्याचा हा कारकून ‘छ’ लिहून चंद्राची तिथी देतो आणि पुढे मुसलमानी महिना घालतो : शाबान, रमजान, सव्वाल. वर्ष लिहितो ते अरबी संख्याशब्दांत, ‘खमस तिसैन मया व अलफ’, म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९५. हा सुहूर सन. मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, तो बदलतो. त्यामुळे मार्चमधल्या पत्रासाठी त्यात ६०० मिळवायचे आणि मृग उलटल्यावरच्या पत्रासाठी ५९९. निजामाला खर्ड्यावर हरवल्याची बातमी ज्या पत्रातून जाते, त्या पत्राची तारीख अशी दोन्ही दरबारांच्या सामाईक वहिवाटीतली असते. लढणारे दोन पक्ष एकाच दफ्तरी रिवाजात वाढले होते. एकमेकांचे कागद त्यांना वाचता येत, एकमेकांच्या कारकुनांची भाषा कळे. त्यांच्यानंतर आलेल्या आपल्याला मात्र ती कळेनाशी झाली.

हैदराबादेत बसून वाचले की खर्डा मार्च १७९५ मध्ये संपत नाही. मुशीरुल्मुल्क पुण्यात कैदेत असतानाच २७ ऑक्टोबरला पेशवे सवाई माधवराव गेले. गादीचा तंटा सुरू झाला आणि हा कैदी सगळ्या पक्षांना हवासा झाला. १७९६ च्या महाडच्या तहात नाना फडणविसांनी त्याच्यामार्फत निजामाशी जमवून घेतले आणि खर्ड्यावर मिळवलेले बहुतेक सगळे परत द्यायचे कबूल केले. मुशीरुल्मुल्क सन्मानाने हैदराबादला परतला, पुन्हा दिवाण झाला. मराठ्यांचा धसका घेतलेल्या या दरबाराने १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. निजामाची फ्रेंच कवायती पलटणे त्याच वर्षी मोडली गेली. चार वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ ला, वसईत दुसऱ्या बाजीरावानेही तसल्याच तहावर सही केली.

म्हणजे खर्ड्याचा विजय हा पुढच्या दोन्ही पराभवांचा एक धागा होता. पुण्यात बसून मला हे दिसले नसते असे मी म्हणत नाही. जाणकारांनी ते लिहिलेलेच आहे. पण कोठीतला इंग्रजांच्या रेसिडेन्सीचा वाडा रोज बसमधून दिसतो, तेव्हा खर्ड्यानंतर काय झाले हा प्रश्न टाळता येत नाही. आणि अंबरपेठेतून पूल ओलांडून पलीकडे गेले की मुसारामबाग लागते. ती वस्ती रेमंडच्या नावाने ओळखली जाते असे इथे मानतात. निजामाच्या फ्रेंच पलटणांचा हा सेनापती खर्ड्यावर आपल्या बापजाद्यांच्या विरुद्ध उभा होता आणि त्याची पलटणे त्या दिवशी पाय रोवून लढली. मार्च १७९८ मध्ये तो वारला, त्याची समाधी जवळच्याच टेकडीवर आहे. इथल्या हिंदूंनी त्याला मुसाराम केले, मुसलमानांनी मुसारहीम. मराठी इतिहासात तो एका ओळीचा धनी आहे. इथे त्याच्या नावाचा बसथांबा आहे.

समोरच्या पक्षाचे दफ्तर वाचण्याचे काम मराठीत ज्यांनी सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर केले, ते सेतुमाधवराव पगडी याच हैदराबाद संस्थानचे. या पुस्तकात त्यांच्यावर सर्वांत मोठा लेख आहे आणि तो मुद्दाम मोठा ठेवला आहे. त्यांचा जन्म १९१० चा, निलंग्याचा. हैदराबाद मुलकी सेवेत ते अधिकारी होते. आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करताना त्यांनी गोंडी आत्मसात केली, कोलामीचाही अभ्यास केला. १९५६ नंतर ते मुंबईला गेले आणि महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे संपादन केले. त्यांची फारसी आणि उर्दू मात्र या मातीतली.

औरंगजेबाच्या दरबारातून रोजच्या घडामोडींची बातमीपत्रे निघत. कोणाला खिलत मिळाली, कोणाची मनसब घटली, कोणत्या किल्ल्याच्या वेढ्यातून काय खबर आली, अशा कोरड्या नोंदी. पगडींनी त्यांतून मराठ्यांशी संबंधित मजकूर निवडून ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ मराठीत आणली. भीमसेन सक्सेनाच्या ‘तारीख-ए-दिलकुशा’, खाफीखानाच्या आणि साकी मुस्तैदखानाच्या ग्रंथांतलेही मराठ्यांविषयीचे भाग त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवले. याचे मोल कशात आहे ते सांगते. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ पासूनची जी अठरा वर्षे मराठे लढत राहिले, त्या काळातले मराठी कागद तुटपुंजे आहेत. राजधानी जिंजीला, किल्ले एकामागून एक पडताहेत, दफ्तर सांभाळायला उसंत कोणाला होती? त्या वर्षांत संताजी घोरपडे आज कुठे आहे, धनाजी जाधव कोणत्या वाटेने गेला, हे ज्याला रोज जाणून घ्यावेच लागे तो त्यांचा शत्रू. बातमीपत्र लिहिणारा त्यांचा उल्लेख तुच्छतेनेच करतो, पण करतो. खाफीखान ताराबाईंवर रागावलेला आहे आणि त्यांच्या हुशारीची, कारभाराची दाद त्याला द्यावीच लागते. भीमसेन तर मोगल छावणीतच आयुष्य घालवलेला माणूस. वेढ्यांनी, पावसाने, महागाईने टेकीला आलेल्या त्या फौजेचे वर्णन त्याने आतून केले आहे. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची याहून बळकट साक्ष मराठी बखरींत मला मिळालेली नाही. आपल्या भाटाने केलेल्या स्तुतीवर शंका घेता येते. नाइलाजाने दाद देणाऱ्या वैऱ्यावर ती घेणे अवघड जाते.

पगडींना हे जमले त्यामागे संस्थानचे शिक्षण होते, आणि त्या शिक्षणाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले. ती देशी भाषा होती उर्दू. संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. मराठवाड्यातल्या मुलाला आपल्या भाषेतून फार पुढे शिकण्याची सोय नव्हती, आणि १९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यामुळे या विद्यापीठातल्या शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले. त्यांतल्या अनेकांना नागपूरने आसरा दिला. माझ्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात. ज्या सक्तीने एका पिढीची भाषा दाबली, तिच्याच पोटी मराठीला फारसी वाचणारा पगडी मिळाला. यातली एक गोष्ट दुसरीची भरपाई करते असे मला मुळीच वाटत नाही.

पुण्यात ग. ह. खऱ्यांनीही फारसी साधनांचे खंड सिद्ध केले. आणि उस्मानियाचे हारून खान शेरवानी व मुंबईच्या अभिलेखागारातले पु. म. जोशी या दोघांनी मिळून मध्ययुगीन दख्खनचा दोन खंडांचा इतिहास संपादित केला, १९७३-७४ मध्ये. बहमनी आणि कुतुबशाहीवर हयात घालवलेला एक विद्वान आणि मराठी दफ्तरांत मुरलेला दुसरा. त्या खंडांची पाने चाळताना मला दर वेळी वाटते की या वाटेने जाणारे पुढे इतके थोडे का निघाले? आज मोडी शिकणारी मुले आहेत, त्यांचे वर्ग चालतात, याचा आनंद आहे. फारसी शिकायला मात्र मराठी मुले क्वचितच येतात. मी फारसी शिकले ती याकुतपुऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. त्यांनी सादीच्या ‘गुलिस्तान’पासून सुरुवात केली आणि शिकस्ता लिपीतल्या, नुक्ते गाळलेल्या, घाईत खरडलेल्या सरकारी कागदापर्यंत आणून सोडले. जमाखर्चाच्या कागदांतले सियाकचे आकडे, जे बघताना आकडे वाटतच नाहीत, ते त्यांनी मला बोट धरून वाचायला लावले. मराठ्यांविषयी ते कधी वावगे बोलले नाहीत आणि मी निजामाविषयी बोलले तेव्हा रागावलेही नाहीत. ‘कागज क्या बोल रहा है, वो पहले सुनो बेटा,’ एवढेच म्हणत.

कागद काय म्हणतो ते ऐकणे १७९५ पुरते सोपे आहे. १९४८ पाशी माझी खरी परीक्षा झाली.

आमच्या घरात रझाकारांच्या, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या त्या सशस्त्र टोळ्यांच्या, आठवणी आहेत. त्यांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, म्हणजे आमच्याच मुलखातला. गाव सोडून सरहद्दीपलीकडे गेलेली माणसे, जाळलेली घरे, बिदर जिल्ह्यातल्या गोर्ट्याचे मे १९४८ मधले हत्याकांड हे सगळे आजीच्या पिढीने पाहिले किंवा जवळून ऐकले. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव निघाले की घरातली मोठी माणसे सावरून बसत. त्यांची समाधी इथेच बेगमपेठेत आहे. १३ सप्टेंबरला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणून भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. मराठवाड्यात तो दिवस मुक्तीचा म्हणून साजरा होतो आणि तो तसा साजरा व्हायला हवा असे माझे मत आहे.

त्याच महिन्यांतले दुसरे दफ्तर म्हणजे पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल. पोलीस अ‍ॅक्शननंतर काय घडले ते पाहण्यासाठी सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. सोळा जिल्ह्यांपैकी नऊ त्यांनी पाहिले. फौजा येताना आणि आल्यावर, सावधपणे मोजूनही, किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज होता, आणि मरणारे बहुतांश मुसलमान. सर्वाधिक हानीचे चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. हा अहवाल कित्येक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही.

नांदेड हे आमचे गाव आहे. त्या नोंदीपुढे आजीच्या आठवणी खोट्या ठरत नाहीत आणि आजीच्या आठवणींनी ती नोंद पुसली जात नाही. या विषयावर मी घरात बोलले तेव्हा काहींना ते आवडले नाही. शेजारच्या एका मुसलमान कुटुंबात, ज्यांचे आजोबा उस्मानाबादेतून त्या वर्षी इथे आले, तिथे रझाकारांविषयी बोलले तेव्हाही शांतता पसरली. दोन्ही घरांत मी चहा घेतला आणि दोन्ही घरांत ऐकलेले लिहून ठेवले. त्यांतला कोणताही मजकूर नावानिशी या पुस्तकात नाही, पण १९४८ वरचा लेख त्या दोन्ही घरांचा आहे. तो वाचून एखादा मराठी वाचक दुखावला जाईल याची मला जाणीव आहे. तरीही एकही वाक्य गाळलेले नाही.

शेवटचा लेख आमच्या पेठेवर आहे आणि तो इतिहासाच्या पुस्तकात कशाला, असे मला काहींनी विचारले. अंबरपेठेत बतुकम्मा कुंटा नावाचे तळे होते. नवरात्रात इकडे मराठी बायका भोंडला खेळत आणि तिकडे तेलुगू बायका तरवडाच्या पिवळ्या फुलांची बतुकम्मा रचून त्या तळ्यात सोडत. माझ्या लहानपणी तिथे पाणी नव्हते. राडारोडा, झुडपे आणि जागेच्या मालकीवरचे वाद होते. तळे असल्याचे म्हाताऱ्या सांगत, त्यावर कोणी फारसे लक्ष देत नसे. पुढे १९६२-६३ च्या महसुली नोंदी बाहेर आल्या. त्यांत तळ्याचे क्षेत्र सुमारे १४ एकर लिहिलेले होते. अलीकडच्या मोजणीत उरले होते पाच एकरांच्या आसपास. प्रकरण न्यायालयात गेले, खोदाई झाली, २०२५ च्या सुरुवातीला जमिनीतून पाणी वर आले आणि त्याच वर्षीच्या नवरात्रात तळे लोकांना खुले झाले. जागेवर ज्यांचा दावा होता त्यांचेही म्हणणे आहे आणि ते मी लेखात दिले आहे. मात्र साठ वर्षांपूर्वी कुणा अनाम मोजणीदाराने नोंदवहीत लिहिलेला आकडा आणि बायकांनी नावासकट जपलेली आठवण एकमेकांना मिळाली, हे मी डोळ्यांनी पाहिले. तारनाक्याच्या गठ्ठ्यांवर मी जे करू पाहते ते याहून वेगळे नाही.

लेखांच्या क्रमाविषयी थोडे. खर्डा पहिला, पगडी दुसरे, पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे आणि निजामाच्या दरबारातली वकिली तिसरी, १९४८ चौथा, अंबरपेठ पाचवी. फारसी उतारे जिथे दिले आहेत तिथे त्यांचे मराठी रूप माझे आहे आणि मोडी पत्रांचे देवनागरी लिप्यंतर करताना शुद्धलेखन मूळचेच ठेवले आहे. वाचायला थोडा त्रास होईल, तो घ्यावा. हैदराबादच्या केंद्रीय दफ्तरखान्याने १९५० च्या दशकात ‘पूना अखबार’चे तीन खंड छापले. पुण्यात काय चालले आहे याच्या निजामाला कळवलेल्या बातम्या त्यांत आहेत आणि मराठी अभ्यासकांनी त्यांचा अजून हवा तितका उपयोग केलेला नाही. सवाई माधवरावांच्या काळावर काम करणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याने ते खंड आधी उघडावेत आणि मग पेशवे दफ्तर.

इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात मी तासन्‌तास बसले. तिथल्या कर्मचाऱ्यांचे आणि तारनाक्याला गठ्ठे काढून देणाऱ्या माणसांचे ऋण मोठे आहे. उस्ताद हे पुस्तक पाहायला राहिले नाहीत. त्यांच्या घरच्यांनी त्यांची सियाकची वही मला दिली आहे. तिच्यातले आकड्यांचे तक्ते परिशिष्टात छापले आहेत. मोडी येणाऱ्या कोणालाही थोड्या सरावाने ते वापरता येतील.

अंबरपेठ, हैदराबाद